भात शिजेपर्यंतची शांतता

लोक भेटले की विचारतात, "ती भद्रावतीची मुलगी आता काय लिहून राहिली?" नाटकवाले असतील तर वर जोडतात, "काय प्रयोग होता बाई तो! अख्खा मांडव रडवला." मी हसते, "लिहील, लिहील" म्हणते आणि विषय बदलते. खरं म्हणजे ती काही लिहीत नाही. आणि त्या प्रयोगात ज्या जागी लोक ढसाढसा रडले, ती जागा मला अजून आठवायचीसुद्धा नसते.

माझं आयुष्य चंद्रपुरात वीज केंद्राच्या ऑफिसात कारकुनीत गेलं. दिवसा फायली, संध्याकाळी नाटक. स्पर्धेची नाटकं हो! तीन भिंतींचा दिवाणखाना, एक सोफा, टेलिफोन वाजतो आणि कोणीतरी मेल्याची बातमी येते. घरात आम्ही "काऊन", "कायले" बोलायचो आणि स्टेजवर चढलो की जीभ वळवून पुण्याकडचं बोलायचो. बक्षिसंही घेतली, उगाच नाकारू कशाला. पण निवृत्तीच्या सुमारास मला त्या सोफ्याचा असा वैताग आला की काय सांगू. आपल्या भागात माणसं नाहीत का, त्यांना तोंड नाही का, असं घरी-दारी भांडून आम्ही तिघा-चौघांनी एक काम सुरू केलं. दरवर्षी आपल्याच जिल्ह्यांतला एक नवा लेखक घ्यायचा आणि त्याचं नाटक लिहून होईपर्यंत त्याच्यासोबत राहायचं. खोली आमची, नट आमचे, चहा-जेवण आमचं, यायचं-जायचं भाडं आमचं. नाटक लिहून झालं की पाठ थोपटायला सगळे येतात. अडलेल्या पानाजवळ बसायला कोणी येत नाही. आम्ही बसायचो.

खोली जटपुरा गेटच्या आत, पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी सुरू झाली की पायाखालची फरशी थरथरायची आणि नटांचे आवाज आपोआप चढायचे. उन्हाळ्यात कूलरसमोर बसायला भांडणं. लेखकाने चार पानं लिहून आणली की त्याच दिवशी ती नटांकडून वाचून घ्यायची, याला आम्ही कच्चं वाचन म्हणायचो. वाचन झालं की ऐकणाऱ्याने फक्त आपल्याला काय दिसलं ते सांगायचं, काय बदलायचं ते सांगायचं नाही. हा नियम मी घातला होता आणि तो मोडणाऱ्यावर मी असा आवाज चढवायची की खालून गिरणीवाला विचारायचा, "काय झालं जी बाई, सगळं ठीक हाय ना?"

त्या वर्षी ही मुलगी आली. मुलगी म्हणते खरी, पण तिशीची असेल. भद्रावतीला तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला. शनिवारी दुपारी दुकान आटपून एसटीने यायची आणि शेवटच्या गाडीने परत जायची. चण बारीक, आवाज त्याहून बारीक. पहिल्या दिवशी मी विचारलं, आतापर्यंत काय काय लिहिलंस? म्हणाली, "काईच नाई जी. हे एकच हाय. हे झालं का झालं." मला ते उत्तर आवडलं होतं. आता वाटतं, तेव्हाच घाबरायला पाहिजे होतं.

तिचं नाटक तिच्या आईचं होतं. त्यांचं गाव खाणीत गेलं. आमच्याकडे यात काही नवीन नाही, कोळसा जिथे सापडतो तिथून माणसं उठतात. गाव उठायच्या आधी सरकारी सुनावणी झाली, मंडप, खुर्च्या, माइक, पाण्याच्या बाटल्या. गावातले बापे एकेक करून उठले आणि "साहेब, विचार करा" म्हणून बसले. मग तिची आई उठली. गोंडाची बाई, बाजारापलीकडे कधी चार लोकांत बोलली नव्हती. तिने माइक धरला तो सोडलाच नाही. अर्धं गोंडीत, अर्धं आपल्या झाडी बोलीत ती बोलत राहिली. कोणत्या झाडाखाली कोणाला पुरलंय, कोणत्या बांधावर कोणती भाजी आपोआप येते, गावचा देव कोणत्या दिशेला तोंड करून बसतो, सगळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. आणि गाव उठलं.

नव्या वस्तीत आल्यावर आईचं बोलणं कमी होत होत थांबलं. कानाने ऐकू येतं, हाताने सगळं काम करते, नातवाला मांडीवर घेते, पण तोंडातून शब्द नाही. नागपूरला डॉक्टरकडे नेलं, त्याने सगळं तपासून घशात काही नाही म्हटलं. पुजाऱ्याकडे नेलं, उतारा केला. भाऊ ओरडायचा, वहिनी हात जोडायची, शेजारपाजारच्या बाया येऊन "बोल ना वं" करून जायच्या. ही स्वतःसुद्धा आईचे खांदे धरून गदागदा हलवायची. "वर्षानुवर्षं हेच केलं ताई," ती मला म्हणाली. "मले वाटे का ती बिमार हाय."

मग नाटक लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता तिला उमगलं. ते झालं आमच्या खोलीतच. नव्या घरात आई भिंतीशी बोलते असं एक लांबलचक स्वगत तिने लिहून आणलं होतं. कच्चं वाचन झालं, आम्हाला ते फार भावलं. माझ्या डोळ्यांत तर पाणी आलं. आणि ही आपली तोंड पाडून बसलेली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"आई हे बोलली नाई जी."

"अगं, ते मलाही माहीत आहे. तुझ्या मनातलं तिच्या तोंडी घातलंस. नाटकात तेच करतात."

"मंग ते माहं झालं ना ताई. तिचं कुठी झालं?"

पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा स्वगत गायब. त्या जागी एवढंच लिहिलेलं: बाई चुलीवर भात मांडते. भात शिजेपर्यंत कोणी बोलत नाही.

बापरे, काय वाद झाला त्या ओळीवरून! आमच्यातलेच लोक म्हणाले, प्रेक्षक उठून जातील, पाच मिनिटं ठेव, संगीत टाक मागे. मी नियम दाखवून सगळ्यांना गप्प केलं. तिला विचारलं, खरोखर शिजवायचा? खरा भात? खरी चूल? ती म्हणाली, "हो जी. खोटा भात लवकर शिजते." आणि मग, खाली बघत, तिने जे सांगितलं ते ऐकून माझा सगळा संशय गेला. म्हणाली, "सगळेजण तिले बोल बोल म्हणतेत. मीबी म्हणत होती. तिनं एक डाव येऊन हे पाहाले पायजे. तिले दिसलं पायजे का मले समजलं. नको बोलू म्हणा, मले समजलं. एवढ्यासाठीच करून राह्यली मी हे."

म्हणजे आम्ही नवं नाटक उभं करत होतो, प्रायोगिक वगैरे शब्द अनुदानाच्या अर्जात नि भाषणात वापरत होतो, आणि तिला प्रेक्षक हवा होता फक्त एक.

आईच्या कामाला नटी कोण घ्यायची? आमच्या स्पर्धेवाल्या बाया चुलीसमोर बसल्या की लग्नात फोटो काढायला बसल्यासारख्या दिसत. मी सरळ झाडीपट्टीतली एक नटी आणली. झाडीपट्टी म्हणजे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्या या धानाच्या पट्ट्यात दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात, भल्या मोठ्या मांडवात, हजारोंच्या गर्दीत. रडारड, गाणी, नाच, खलनायक, सगळं भरपूर. नट आज या गावी, उद्या त्या गावी. पाठांतराला वेळ कोणाला? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो, हातात नाटकाची वही, आणि प्रत्येक वाक्य आधी तो हळू बोलतो, मग नट मोठ्याने. लोकांना पत्ता लागत नाही इतकं ते बेमालूम होतं. ही बाई आयुष्यभर आयांची कामं करत आलेली. पदर सुटला की मांडव रडणार अशी तिची ख्याती.

तिने संहिता ऐकली आणि मला म्हणाली, "मले मधात काई बोलाचंच नाई? मंग मले कायले बोलावलं जी? मुकी बाई आणाची ना एखादी!" सगळे हसले. पण बाई होती कामाची. एका शनिवारी गिरणीची लाइट गेली होती, खाली सगळं शांत, आम्ही खोलीत शेगडी पेटवली. तिने तांदूळ निवडले, धुतले, आधण ठेवलं आणि गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली. काही करत नव्हती हो ती. फक्त बसली होती. आम्ही आठ-दहा माणसं भिंतीला टेकून पाहत होतो. पाण्याला उकळी आली, झाकण वाजायला लागलं, भाताचा वास खोलीभर झाला. मला माझी मेलेली बहीण आठवली, कुठून आठवली देव जाणे. झाकण वाजायला लागल्यावर लेखिका तोंडावर ओढणी धरून हुंदके द्यायला लागली. मग सगळ्यांनी तो भात मिरचीच्या ठेच्याशी खाल्ला. त्या दिवशी तिची आई त्या खोलीत असती! दीड तासाचाही रस्ता नव्हता तिथून. हे मी स्वतःला इतक्या वेळा म्हटलंय की आता म्हणायचीही लाज वाटते.

प्रयोग वस्तीतच करायचा ठरला, समाजमंदिरासमोर, दुपारी चार वाजता. आईला दूर कुठे न्यायला नको, अंधार नको, दिवे नकोत. तोपर्यंत झाडीपट्टीचा हंगाम ऐन भरात आलेला. नटी दिवसा मोकळी होती, पण तिने एक अट घातली, प्रॉम्प्टर पाहिजे.

"अहो, तुम्हाला सगळं पाठ आहे," मी म्हटलं. "मधे तर बोलायचंही नाही."

"पाठ हाय जी. पण विंगेत तो नसला का मले स्टेजवर गरगरते. तो नुसता बसू द्या. आवाज नाई करणार."

मी लेखिकेकडे पाहिलं. ती म्हणाली, "बसू द्या ना ताई. त्यायले सवय हाय." आणि यात काय चूक होती, सांगा ना मला. एखाद्याला चष्म्याशिवाय चालता येत नाही, आपण म्हणतो का चष्मा काढ? प्रॉम्प्टर सकाळीच आला. साठीचा माणूस, पांढरा शर्ट, खिशात पान. मी त्याच्याजवळ बसून पानन् पान दाखवलं. भाताची जागा आली तेव्हा लाल शाईने मोठा चौकोन काढून दिला. इथे कोणी बोलत नाही, कितीही वेळ झाला तरी नाही. "हो जी बाई, समजलं," तो म्हणाला. त्याला समजलंही होतं.

घोळ दुसरीकडूनच सुरू झाला. वस्तीतल्या मंडळाच्या पोरांनी आम्हाला न विचारता ऑटोवर भोंगा बांधून आजूबाजूच्या गावांत पुकारा केला. नटीचं नाव आणि पुढे, "हृदय पिळवटून टाकणारं कौटुंबिक नाटक, मायबहिणींनी रुमाल घेऊन यावे!" मला कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. वस्तीपुरतं नाटक आणि चार वाजता बघते तर बैलबंड्या, मोटारसायकली, ट्रॅक्टरमधून बाया! मांडव अपुरा पडला. लेखिका हसत होती. म्हणाली, "येऊ द्या ताई. आई कुठी बसली ते पाहा फक्त." आई खुर्चीवर बसली नव्हती. पुढे सतरंजीवर, जुन्या गावातल्या बायांच्या मधे, मांडीवर हात ठेवून बसली होती. लुगडं धुतलेलं, कपाळावर मोठं कुंकू. ती आली होती याचाच मला इतका आनंद झाला की बाकीच्या गर्दीचं मी विसरून गेले.

पहिला भाग झकास गेला. सुनावणीच्या प्रवेशात नटीने माइक असा धरला की लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. आई हलली नाही, पण बघत होती, पापणी न लववता. मी आणि लेखिका मांडवाच्या खांबाजवळ उभ्या होतो. मग नवं घर आलं, बाकीची पात्रं विचारून विचारून थकून आत गेली आणि नटी चुलीशी एकटी राहिली.

तांदूळ निवडून झाले. लोक शांत होते. धुऊन झाले. तरी शांत होते. आधण ठेवलं, फुंकणीने जाळ केला. आता मागे कुजबुज सुरू झाली. कोणीतरी खाकरलं. मग एक पोरगा ओरडला, "डायलॉग विसरली वाटते!" हशा पिकला. नटी तशीच बसलेली, हनुवटी गुडघ्यावर, एक नंबर. माझा जीव मुठीत, पण मी मनात म्हणत होते, चाललंय, चाललंय, थोडंच राहिलंय. तेवढ्यात बायांतून एक आवाज आला, अगदी मायेने, "बोल ना वं बाई, कायले गप बसली?" मग दुसरीकडून, मग तिसरीकडून. बोल ना वं. बोल ना वं. लेखिकेने माझा दंड इतका आवळला की नखं रुतली.

आणि विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज आला. संहितेत नसलेलं वाक्य, कुठल्यातरी दुसऱ्याच नाटकातल्या आईचं. "देवा, घर नेलंस, शेत नेलंस, आता या अभागिनीचे प्राणही घेऊन जा!"

नटीने लगेच घेतलं नाही, हे मी शपथेवर सांगते. तिची मान थोडी हलली आणि थांबली. त्याने पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. आयुष्यभर त्या आवाजामागे गेलेली बाई, ती किती वेळ बसणार? उठली. पदर खांद्यावरून घसरला. आणि तिने ते वाक्य असं फेकलं की शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचलं. मग काय, तो देत गेला आणि ती घेत गेली. घर, वावर, तुळस, नांगर, लेकरं, नशीब. गोंडाच्या घरात तुळस कुठून आली कोण जाणे. मांडव हुंदक्यांनी भरून गेला. कोणीतरी स्टेजजवळ येऊन बक्षीस पुकारलं. मागे चुलीवर भात उतू गेला, पाणी विस्तवावर पडून चर्र झालं, तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

मी लेखिकेकडे बघितलंच नाही. माझी हिंमतच झाली नाही. मी आईकडे बघितलं. दोन्ही बाजूंच्या बाया तिला धरून रडत होत्या. "तुहंच सांगून राह्यली वं, तुहंच," असं म्हणत तिचा हात हातात घेत होत्या. ती स्टेजकडे बघत होती. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

प्रयोग संपला तशी मी विंगेत शिरले, त्या माणसाला उभा चिरायचा म्हणून. तो पंच्याने डोळे पुसत होता. मला पाहून दोन्ही हात जोडले. "वाचलं बाई नाटक! लोक उठाच्या बेतात होते. तुमचा लाल चौकोन पाहात होतो मी, पण माह्याच्यानं राहवलं नाई. बाईमाणूस तिथी बसली हाय, लोक हासून राह्यले. जिंदगीत कोणाले स्टेजवर उघडं पडू देल्लं नाई म्या." आता या माणसाला काय बोलायचं? शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. आजही त्यातली एकसुद्धा कोणाला घालता येत नाही, याचाच मला संताप येतो. भोंगेवाल्या पोरांना घालू? 'बोल ना वं' म्हणणाऱ्या त्या भल्या बाईला घालू? नटी तर माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "एवढं कधी झालं नोतं जी माह्याकडून." त्याच वेळी बाहेर सरपंच लेखिकेला शाल आणि नारळ देत होते. ती हात जोडून सगळ्यांना धन्यवाद म्हणत होती. दोनदा मी तिच्याजवळ गेले, दोनदा गर्दीने आम्हाला बाजूला केलं. मग ती आईला घेऊन निघून गेली.

पुढच्या आठवड्यात माझा फोन बंद होईना. गोंडपिपरीकडून, मूलकडून, पार चामोर्शीकडून. ते नाटक पाहिजे, तीच बाई पाहिजे, ते रडणं पाहिजे. आमची माणसं खूश. एवढ्या वर्षांत आमच्या एकाही नाटकाला दुसरं गाव मिळालं नव्हतं. मी म्हटलं, थांबा, आधी तिला विचारते. माझ्या मनात वेगळंच होतं. प्रॉम्प्टरशिवाय, भोंग्याशिवाय, फक्त तिच्या आईपुढे एकदा नीट करायचं, मग गावोगाव जे व्हायचं ते होऊ दे. असा सगळा बेत करून मी भद्रावतीची एसटी धरली आणि तिथून ऑटोने वस्तीवर गेले.

ती दारातच भेटली. आत नेलं नाही, रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली नेलं. मी तिला घाईघाईने सगळं सांगायला लागले. तिने मला मधेच थांबवलं.

"ताई, आई बोलली."

मी किती आनंदले म्हणून सांगू! तिचे दोन्ही हात धरले. "काय म्हणतेस! कधी? अगं मग झालं की सगळं! कशाला तोंड पाडून उभी आहेस?" मला त्या क्षणी वाटलं, भात गेला उडत, लाल चौकोन गेला उडत, त्या प्रॉम्प्टरच्या पाया पडावं.

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "नाटक पाहून घरी येत होतो. कोळशाचा ट्रक आला म्हणून बाजूले उभ्या राह्यलो. ट्रक गेला, धूळ बसली, अन् आई बोलली. मले पयले वाटलं दुसरंच कोणी बोललं. तिचा आवाज विसरली होती मी."

"अगं पण काय बोलली?"

तिने घराकडे पाहिलं. आई अंगणात पाठमोरी बसून सुपात काहीतरी पाखडत होती.

"म्हणे, मी तं काईच नोती बोलली वं माय."

"आणि मग?"

"मंग काई नाई. तिले वाटलं, ते रडणं मीच लिवून देल्लं. मी रडली, पाया पडली, रस्त्यातच बसली. ती चालाले लागली." तिने माझ्या हातातून आपले हात सोडवून घेतले. "तुमी ते नाटक कुठीच नका लावू, ताई. तिनं एवढ्या वर्षांनी तोंड उघडलं, ते माही तक्रार कराले."